इंदूमावशी आणि तळ्याकाठचा ओक

उणे पंचवीस अंश थंडीत, अंगावर एक पान नसताना, चार महिने उघड्यावर उभं राहायला तुम्ही कोणाला सांगाल? आणि तसं सांगायचा अधिकार तुम्हाला कोणी दिला?

प्रश्न माझा नाही. शिकागोजवळच्या शॉमबर्गमध्ये आम्हा मराठी मंडळींपैकी जो कोणी नवं घर घेई आणि "मावशी, दारात लावायला एखादं छान झाड सांगा ना" म्हणे, त्याला इंदूमावशी तायडे हा प्रश्न विचारत. समोरचा हसे. मावशी हसत नसत. उत्तराची वाट बघत उभ्या राहत, आणि त्या माणसाचं हसू हळूहळू ओशाळं होई.

एक गोष्ट आधीच कबूल करतो. ह्या लेखात एका जुन्या ओकाच्या जिवावर बेतलं आहे, आणि ते माझ्यामुळे. ते वगळून मावशींबद्दल लिहिलं तर तो खोटेपणा होईल.

यवतमाळकडच्या एका सरकारी रोपवाटिकेत मावशी मजूर म्हणून लागल्या आणि तीस वर्षांनी मुकादम म्हणून बाहेर पडल्या. शिक्षण सातवी. नवरा गेल्यावर, २००१ साली, थंडीच्या तोंडावर मुलगा प्रशांत त्यांना इकडे घेऊन आला. प्रशांत आणि मी एकाच ऑफिसात प्रोग्रामर, टाउनहाउसच्या एकाच ओळीत राहणारे. मावशींची उंची पाच फुटांच्या आत. सुती साडीवर मुलाचा जुना पार्का, म्हणजे टोपीवाला जाड कोट, पायात बर्फाचे बूट, आणि पार्काच्या खिशात खुरपं. लोक सामानातून लोणची आणतात, मावशींनी खुरपं आणलं होतं.

साग, कडुनिंब, शिसव हाताखालून गेलेली ही बाई इथल्या पहिल्या हिवाळ्यात खिडकीशी नुसती बसून राहिली. एकदा प्रशांतला म्हणाली, "सगळं गाव मेलेलं दिसते रे. अन् कोणी रडत नाही." एरवी त्या शुद्ध बोलत. राग आला, आनंद झाला किंवा भीती वाटली की वऱ्हाडी वर येई.

मार्चच्या शेवटी त्या बाहेर पडल्या. मी त्यांना पहिल्यांदा नीट पाहिलं ते तेव्हाच. वितळून पुन्हा गोठलेल्या बर्फात, मिसेस हॅन्सन नावाच्या एका वृद्ध बाईंच्या अंगणात, एका झाडाची फांदी वाकवून मावशी नखाने साल खरवडत होत्या. मिसेस हॅन्सन दारात आल्या. परक्या बाईने आपल्या झाडाला हात लावला तर इथे लोक पोलिसांना फोन करतात. मी धावत गेलो. तोवर मावशींनी त्यांना खूण करून जवळ बोलावलंही होतं.

"मॅडम, धिस साइड डेड," एका फांदीवर बोट ठेवून त्या म्हणाल्या. मग दुसरी फांदी खरवडून खालची ओली हिरवी रेघ दाखवली. "दॅट साइड स्लीपिंग."

मिसेस हॅन्सननी चष्मा लावला आणि वाकून पाहिलं. तीस वर्षं त्या झाडाखालून ये-जा करणाऱ्या बाईंनी स्वतःचं नख पुढे केलं आणि तिसरी फांदी खरवडली. "स्लीपिंग?" त्यांनी विचारलं. मावशींनी मान डोलावली. दोघींची मैत्री झाली ती ह्या दोन शब्दांवर, आणि पुढेही त्यांना फार शब्द लागले नाहीत.

त्या वसंतात मावशी रोज सकाळी वही घेऊन गल्ल्या फिरल्या. वहीत नावं नव्हती, कारण नावं येत नव्हती. पानांच्या आकृत्या होत्या, आणि शेजारी शेरे. 'पोस्टासमोरचं, उत्तरेचा वारा खाऊन उभं.' 'रस्त्याकाठचं, बर्फावर टाकतात त्या मिठाने एका बाजूने जळालेलं.' 'हे मीठ पचवतं. विचारायला हवं कोण आहे.' बासष्टाव्या वर्षी, अनोळखी खंडात, एकेका झाडाला भेटून ती बाई पुन्हा मुळाक्षरं गिरवत होती. मी त्या काळात पानं न पाहता मतं बनवत होतो.

माझ्याबद्दल एवढंच सांगायला हवं की मी पत्रकांवर वाढलो. आमच्या घरात वडील कामगार चळवळीची पत्रकं काढत आणि आम्ही भावंडं जेवणाआधी त्यांच्या घड्या घालत असू. इथेही मी दर महिन्याला एक पत्रक काढत असे. हिरवळीच्या हुकूमशाहीविरुद्ध, सगळ्या रस्त्यावर एकच फॅशनेबल झाड लावणाऱ्या बिल्डरांविरुद्ध. मावशी प्रत्येक पत्रक नीट वाचत, "चांगलं लिहितोस," म्हणत, आणि त्या कागदाच्या पुड्या करून त्यात बिया बांधत.

"मावशी, निदान महिनाभर तरी ठेवा हो!"

"ठेवलं आहे ना. फ्रिजमध्ये."

त्या फ्रिजची गोष्ट रेडबडपासून सुरू होते. रेडबड हे इथलं छोटं झाड. एप्रिलमध्ये पान फुटायच्या आधी उघड्या फांद्यांवर जांभळट गुलाबी फुलं येतात. मिसेस हॅन्सनच्या मागच्या अंगणात एक होतं. पहिल्यांदा फुललेलं पाहून मावशी ओरडल्याच, "हा तर आपल्या कांचनाचा चुलतभाऊ व्हय!" पुढे मी लायब्ररीत शोधलं. खरंच एका कुळातली झाडं निघाली. मावशींनी ते शेंगेवरून ओळखलं होतं.

बातमी मंडळींत पसरली. कांचन म्हणजे आपट्याचाही भाऊ, म्हणजे दसऱ्याला सोनं! रेडबडचं पान बदामाच्या आकाराचं, आणि ऑक्टोबरात ते पिवळंधमक होतं. पुण्याचे योगेश आणि केतकी जोशी तेव्हाच नव्या घरात आले होते. ते मे महिन्यात एका मोठ्या दुकानाच्या बागेच्या विभागात मावशींना घेऊन गेले. मी गाडी चालवायला होतो.

मावशींनी तिथलं सगळ्यात देखणं रेडबड कुंडीतून अर्धं उपसलं, मुळं पाहिली आणि विचारलं, "ह्याचं माहेर कुठलं?"

योगेशने लेबल वाचलं. "मावशी, थंडीच्या झोन पाचपर्यंत चालतं लिहिलंय. आपला झोन पाचच आहे. परफेक्ट!"

"ते ह्याच्या जातीचं झालं. मी माहेर विचारते आहे. बी कुठल्या झाडाचं?"

कामावरच्या माणसाने आत जाऊन चौकशी केली. रोपं टेनेसीहून, म्हणजे बऱ्याच दक्षिणेकडून आली होती.

"मग नको," मावशी म्हणाल्या. "ह्याच्या आईने असा बर्फ कधी पाहिला नाही. टेनेसीची पोर शॉमबर्गच्या सासरी देऊ नये."

मला राहवलं नाही. "मावशी, झाडांना तरी सासर-माहेर नका लावू. हीच भाषा पोरींना मारते."

"पोरींना भाषा नाही मारत. न विचारता देणं मारतं," त्या म्हणाल्या. "मी विचारते आहे."

केतकी हिरमुसली. "पण मावशी, हे बघा ना किती गोड दिसतंय."

"मे महिन्यात सगळीच गोड दिसतात. लग्नाच्या हॉलमध्ये कोणी वाईट दिसतं का? झाड मार्चमध्ये बघावं."

"पण लेबलवर चक्क लिहिलंय!" योगेश म्हणाला.

मावशींनी माझ्याकडे बोट केलं. "लेबल म्हणजे ह्याचं पत्रक. खोटं नसतं. पण झाडाने ते वाचलेलं नसतं."

जोशींनी ते झाड घेतलंच. पुढच्या मार्चमध्ये मावशी त्यांच्या अंगणात गेल्या, नख लावलं, बुंध्यापर्यंत खाली आल्या. सगळीकडे तपकिरी. केतकी दारात उभी होती, डोळ्यांत पाणी. मावशी एवढंच म्हणाल्या, "ह्याची चूक नव्हती." 'मी म्हटलं होतं ना' हे वाक्य मी त्यांच्या तोंडून कधीच ऐकलं नाही. मी ते दिवसातून तीनदा म्हणणारा माणूस आहे.

त्यानंतर मिसेस हॅन्सनच्या रेडबडच्या वाळक्या शेंगा मावशींनी गोळा केल्या. त्या झाडाने तीस हिवाळे काढले होते. बियांवर त्यांनी उकळतं पाणी ओतलं. मी दचकलो.

"बाभळीच्या बीलाही आम्ही हेच करायचो. कवच कडक असतं, त्याशिवाय उघडत नाही." मग ओल्या वाळूत घालून बिया माझ्या पत्रकांसकट डब्यात गेल्या, आणि डबा तीन महिने फ्रिजमध्ये, इडलीच्या पिठाशेजारी. "उकळतं पाणी मला माहीत होतं. त्याच्यानंतर थंडीही लागते, हे इथं शिकले. दोन्ही सोसल्याशिवाय ते जागं होत नाही." आज आमच्या भागात सात-आठ मराठी दारांत त्या बियांची झाडं आहेत.

आता ओक.

आमच्या टाउनहाउसच्या मागे तळं आहे आणि तळ्याकाठी 'बर ओक' जातीचं एक झाड. ही घरं, हा रस्ता, हे गाव काही नव्हतं तेव्हा इथे माळरान होतं, आणि तेव्हापासून तो तिथे आहे. जाड बुचासारखी साल, दोघांच्या कवेत न मावणारा बुंधा. पहिल्या हिवाळ्यात मावशी खिडकीतून ज्या मेलेल्या गावाकडे बघत होत्या, त्यात तो सगळ्यात मोठा मेलेला होता. मे महिन्यात सगळ्यांच्या शेवटी त्याला पान फुटलं, तेव्हा त्या बुंध्याला पाठ लावून बसल्या आणि संध्याकाळपर्यंत उठल्या नाहीत. पुढे रोज दुपारी त्या तिथेच असत. प्रशांत एकदा म्हणाला, "आईला इथे फक्त एक नातेवाईक मिळालाय."

२००५ च्या उन्हाळ्यात मावशी चार महिन्यांसाठी यवतमाळला गेल्या, आणि मी एक पत्रक काढलं. मथळा: 'पार हवा!' ह्या देशात माणसं आपापल्या हिरवळीवर एकेकटी उभी असतात. गावात वडाखाली पार असतो, तिथे न्याय होतो, भांडण होतं, दोस्ती होते. आपण आपल्या ओकाला पार बांधू या. मावशींना बसायलाही नीट जागा होईल. मी मनापासून लिहिलं होतं, आणि ते चांगलं उतरलं होतं, हेच वाईट झालं. तिथल्या घरमालकांच्या असोसिएशनने परवानगी दिली. जूनमधल्या एका शनिवारी चाळीस माणसं आली. बुंध्याभोवती काँक्रीटच्या ठोकळ्यांचं गोल कडं रचलं, ट्रकभर माती आणून आत भरली, दोन फूट उंच. वर फरश्या. आम्ही तिथे भजी खाल्ली, गणपतीत आरती केली, पत्ते कुटले. अमेरिकेत पार! मी फोटो वडिलांना पाठवले.

मावशी ऑक्टोबरात परतल्या. उद्घाटन त्यांच्याच हातून करायचं म्हणून नारळ ठेवला होता. आम्ही वीसेक जण जमलो होतो. त्या आल्या, थांबल्या, आणि म्हणाल्या, "ह्याचे पाय कुठं आहेत?"

कोणीतरी हसलं. "मावशी, आधी नारळ फोडा ना!"

त्या पारावर चढल्या, एक फरशी उचलली, खिशातून खुरपं काढलं आणि बुंध्याला लागून खणू लागल्या. दीड फुटावरची साल उघडी पडली. काळी, ओली, हाताला मऊ. भिजून पडलेल्या गोणपाटासारखा वास आला. मावशींनी ती चिमटीत धरली आणि ती निघून हातात आली.

"हे कोणी ठरवलं?"

सगळे माझ्याकडे बघत होते.

"मी," मी म्हणालो. आणि माझी जीभ गप्प राहत नाही म्हणून पुढे म्हणालो, "पण मावशी, आपल्याकडे वडाला पार असतोच की. पिंपळाला असतो. शेकडो वर्षं जगतात."

"वड खांद्यावरून मुळं सोडते रे बाप्पा! त्याले पुरलं तरी तो नवे पाय काढते." त्यांनी हातातली साल माझ्यापुढे धरली. "ह्याले हे येत नाही. ह्याले जे पाय हायेत तेवढेच. तुम्ही त्याच्या नाकातोंडात माती भरली. वडाचा न्याय ओकाले काऊन लावला?"

मी खाली बघितलं. आता आग पडणार, असं वाटलं. त्यांनी विचारलं, "माती कधी टाकली?"

"जूनमध्ये."

त्यांनी बोटांवर महिने मोजले. "जमीन गोठायला किती दिवस आहेत?"

"पाच-सहा आठवडे असतील," प्रशांत म्हणाला.

"मग उभे काऊन आहात?"

ह्यापलीकडे त्या कोणाला दोषाचा एक शब्द बोलल्या नाहीत. ना त्या दिवशी, ना नंतर. ठोकळे आणि वरची माती काढायला फावडी चालली, पण बुंध्याजवळ मावशींनी एकही फावडं येऊ दिलं नाही, साल सोलवटेल म्हणून. बायका-पुरुष घरून कालथे, पळ्या, लाकडी चमचे घेऊन आले. मिसेस हॅन्सन हातमोजे घालून आल्या, मग मोजे काढून टाकले. तीन शनिवार-रविवार आम्ही गुडघ्यांवर होतो. मधल्या दिवसांत ऑफिसला निघताना पाहावं तर मावशी एकट्या तिथे, पार्काची टोपी डोक्यावर, खुरपं चालू.

दुसऱ्या रविवारी त्याचे पाय मोकळे झाले. बुंधा खाली येता येता रुंद होत गेला, हत्तीच्या पावलासारखा, आणि पावलातून मांडीएवढी मुळं चहूकडे जमिनीत शिरलेली दिसली. आम्ही सगळे मागे सरकलो. चार वर्षं त्या झाडाखाली राहून मी तो जमिनीला कसा धरून आहे हे पाहिलं नव्हतं. इतकी वादळं, इतकी थंडी, आणि ही पकड. मी देवळात हात जोडत नाही. त्या दिवशी हात कुठे ठेवावेत ते मला कळेना. मावशींनी एका मुळावर तळवा ठेवला आणि पुष्कळ वेळ काढला नाही.

"वाचेल का?" केतकीने विचारलं.

"दोन-तीन वर्षांनी कळेल. हे सावकाश मरतं. जगतंही सावकाश."

पहिल्या वसंतात शेंडा जवळजवळ उघडा राहिला. दुसऱ्या वसंतात, २००७ साली, दक्षिणेकडच्या दोन मोठ्या फांद्यांना पान आलं नाही. असोसिएशनचं पत्र आलं की झाड धोकादायक आहे, थंडीपूर्वी तोडलं जाईल. मी रात्रंदिवस खपून चार पानी निवेदन लिहिलं. मावशींनी ते वाचलं. "चांगलं आहे. पण हे नको नेऊ. एक फांदी ने."

बैठकीला त्या स्वतः आल्या. मी दुभाषा. अध्यक्ष हा एक भला, घाईत असलेला माणूस होता. मावशींनी ओकाची वीतभर फांदी त्याच्यासमोर टेबलावर ठेवली आणि मला म्हणाल्या, "त्यांना सांग, नखाने खरवडा. मी नाही, तुम्ही."

तो थोडा हसला आणि खरवडू लागला. खालून हिरवं आलं. खोलीतले बाकीचे वाकून बघू लागले. अध्यक्षाने फांदी पुन्हा एका जागी खरवडली, जणू पहिल्यांदा चुकून हिरवं निघालं असावं. वाळलेल्या दोन फांद्या उतरवायच्या आणि झाडाला पुढच्या मेपर्यंत मुदत द्यायची, असं ठरलं.

२००८ चा मे. मेपल हिरवे झाले, रेडबड फुलून गेले, सर्व्हिसबेरीला फळ धरू लागलं. ओक तसाच. अध्यक्ष येता-जाता वर बघे आणि नजर चुकवे. मी मावशींच्या तोंडाकडे बघायचं टाळत होतो. तिसऱ्या आठवड्यात एका सकाळी प्रशांतचा ऑफिसात फोन आला, "यार, लवकर ये." उरलेल्या सगळ्या फांद्यांवर खारीच्या कानाएवढी पानं होती. राखाडी-गुलाबी, मऊ, शेंड्यापर्यंत. दक्षिणेची बाजू कायमची रिकामी झाली होती आणि ते व्यंग त्याच्यासोबत राहील. पण तो होता.

मावशींनी बराच वेळ मान वर करून पाहिलं. मग मला म्हणाल्या, "आता पत्रक काढ."

त्याच उन्हाळ्यात प्रशांतची बदली मिनेसोटाला झाली, आणखी उत्तरेला. आम्ही हळहळलो. मावशींनी नवी वही घेतली होती.

निघायच्या सकाळी सामानाचा ट्रक पुढे गेला होता. प्रशांत गाडी सुरू करून हाका मारत होता, "आई, चल ना गं!" मावशी कुठेच नव्हत्या. मी तळ्याकडे गेलो. आदल्या दिवशी असोसिएशनची बागकामाची गाडी येऊन गेली होती आणि नेहमीच्या सवयीने त्यांनी, ओल टिकावी म्हणून, ओकाच्या बुंध्याभोवती लाकडाच्या भुशाचा ढीग रचला होता, डोंगरासारखा उंच. प्रवासाची नवी साडी नेसलेल्या मावशी गुडघ्यांवर बसून दोन्ही हातांनी तो मागे ओढत होत्या.

"मावशी, मी..."

"बोलत काऊन बसला? तिकडच्या बाजूनं काढ."

मी पलीकडे जाऊन बसलो. बुंधा मध्ये होता, मला त्या दिसत नव्हत्या. फक्त भुसा ओढल्याचा आवाज येत होता, त्यांचा आणि माझा. मग एकच राहिला. मी उठून वळसा घालून आलो तेव्हा गाडी रस्त्याला लागली होती. मागच्या खिडकीतून एक हात बाहेर आला होता आणि बोटं एकमेकांवर घासून माती झाडत होता.

म्हणून वाचकहो, टाळ्या नकोत, अभिप्राय नकोत. एक काम करा. तुमच्या रस्त्यावरचं, ऑफिससमोरचं, शाळेतलं कुठलंही झाड घ्या आणि त्याचा बुंधा जमिनीत शिरतो तिथे बघा. तो खाली रुंद होत मुळांना भेटत असेल, तर पुढच्या झाडाकडे जा. पण तो खांबासारखा सरळ आत गेला असेल, तर त्याला कोणीतरी पुरलं आहे, बहुधा प्रेमानेच. झाड दुसऱ्याचं असेल तर मालकाला बोलवा, त्याचंही नख लागू द्या. मग खाली बसा. फावडं नको, हातांनी, पाय दिसेपर्यंत. जमीन गोठायच्या आत.